कूलरच्या गावात ओपन बॅक हेडफोन

भिलाईतल्या रुआबांध्याच्या क्वार्टरांमध्ये मार्च सरता सरता खिडक्यांना कूलर लागतात आणि पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत त्यांची घरघर थांबत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेल्यावर कूलर बंद ठेवून गाणं ऐका, असं सांगायची कुणाची छाती होणार नाही. म्हणून भिलाईत काय किंवा नागपूर-अकोल्यात काय, ओपन बॅक हेडफोन घ्यायचा असेल तर पहिला हिशेब कूलरशी करावा लागतो. कंपनी, मॉडेल, ओहम वगैरे नंतर. यूट्यूबवर या हेडफोनची तारीफ करणारे बहुतेक लोक काचा लावलेल्या शांत खोलीत बसलेले असतात. ते सांगतात ते खरंच असतं, पण आपल्या बैठकीच्या खोलीत ते जसंच्या तसं लागू पडत नाही.

हा प्रकार नवा असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या, म्हणजे क्लोज्ड बॅक हेडफोनमध्ये कानावरची वाटी मागून बंद असते. आतला पडदा हलतो तेव्हा तो जितका आवाज कानाकडे टाकतो तितकाच पाठीमागेही टाकतो. मागचा आवाज वाटीत कोंडतो, भिंतीवर आपटतो आणि त्यातला काही पुन्हा कानाकडे येतो. ओपन बॅकमध्ये वाटीच्या मागे जाळी असते, त्यामुळे मागचा आवाज सरळ बाहेर निघून जातो. दारं लावलेल्या खोलीत पेटी वाजवणं आणि जाळीच्या व्हरांड्यात वाजवणं यात जो फरक आहे, तोच इथे. आवाज डोक्यात कोंबल्यासारखा न वाटता कानांच्या जरा बाहेर, सुटा सुटा मांडल्यासारखा वाटतो. सेनहायजरने १९६८ साली एचडी ४१४ नावाचा हेडफोन काढला आणि हा प्रकार घरोघरी गेला. पिवळ्या स्पंजाचे पॅड असलेला तो हलकाफुलका हेडफोन जुन्या छायाचित्रांत अजून भेटतो.

या मोकळेपणाची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. बाहेरचा आवाज आत येतो. आतला आवाज बाहेर जातो. आणि सगळ्यात खालचा बेस, जो छातीत जाणवतो असं आपण म्हणतो, तो पातळ होतो, कारण पडद्याच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना खोडून काढते. तिसऱ्या गोष्टीवर थोडाफार उपाय आहे. पहिल्या दोहोंवर नाही.

पैसे टाकण्याआधी एक चाचणी घरीच करून पाहा. पूर्वी फोनबरोबर फुकट मिळायचे तसे, कानात न घुसता कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे इयरफोन कुठल्या तरी खणात सापडतील. ते बाहेरचा आवाज ओपन बॅकसारखाच आत घेतात. आपण रोज जिथे बसतो तिथेच बसा, कूलर रोजच्या वेगावर ठेवा आणि एखादी बोलण्याची गोष्ट लावा. मुलाखत, नाटक, चित्रपटातला संथ प्रसंग, काहीही. शब्द न शब्द कळेपर्यंत आवाज वाढवत न्या. आता त्या आवाजाला हात न लावता कूलर बंद करायला सांगा. आवाज कानाला ठीक वाटला तर तुमची खोली ओपन बॅकला चालेल. एकदम अंगावर आल्यासारखा वाटला, तर उन्हाळाभर तुम्ही तेवढ्या जोरात ऐकणार आहात आणि कूलरच्या घरघरीत ते तुम्हाला कळणारही नाही. अशा खोलीसाठी ओपन बॅक घेऊ नका. दीड-दोन हजारांत आजकाल फार चांगले इन-इयर मिळतात. ते कानाचं भोक बंद करतात आणि कूलर निम्म्याहून जास्त गायब होतो. पैसेही वाचतात.

गंमत अशी की उन्हाळ्यात ओपन बॅक सगळ्यात सुखाचा असतो. रेक्झिनचे पॅड असलेला बंद हेडफोन एप्रिलच्या दुपारी अर्धा तास कानावर ठेवला की कानशिलांवरून घाम ओघळू लागतो. मखमली पॅडचा, जाळीचा हेडफोन दोन-तीन तास सहज राहतो. म्हणजे ज्या दिवसांत तो कानाला सर्वांत हवासा, त्याच दिवसांत कूलरचा आवाज सर्वांत मोठा. मधला मार्ग निघतो. टेबल कूलरच्या तोंडासमोरून हलवा. शक्य असेल तर कूलर बाजूच्या खोलीच्या खिडकीला लावून हवा दारातून येऊ द्या. रात्री वेग कमी करा. नुसत्या छताच्या पंख्याचा एवढा त्रास नसतो, आणि स्प्लिट एसी असेल तर हा प्रश्नच मिटला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पंखेसुद्धा बंद असतात तेव्हा, आमच्या टाउनशिपमधली रात्र या हेडफोनसाठीच केल्यासारखी असते.

दुसरी अडचण माणसांची. पोलादाच्या गावात घरातलं कुणी तरी नाइट शिफ्ट करून सकाळी येतं आणि दुपारपर्यंत झोपतं. त्याच खोलीत तुम्ही ओपन बॅक लावून व्हॅलोरंट खेळलात, तर गोळीबार त्याच्या कानापर्यंत बारीक पण स्पष्ट पोचतो. शेजारी बसलेल्याला गाण्याचे शब्दही कळू शकतात. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये बारावीची तयारी करणारी बहीण आणि गेम खेळणारा भाऊ एकाच टेबलावर असतील, तर भांडण ठरलेलं. वेगळी खोली किंवा निदान घरच्यांची जाग-झोप सांभाळून मिळणारी वेळ, यातलं एकही नसेल तर थांबा.

एवढं सगळं पार करून जो वाचक अजून वाचतोय, त्याच्यासाठी पुढचं.

गाणं, गेम आणि चित्रपट या तिघांना एकच हेडफोन पुरतो का? पुरतो, पण तिघांच्या मागण्या सारख्या नाहीत. गाण्याच्या बाबतीत, आणि त्यातही आपल्या गाण्याच्या बाबतीत, ओपन बॅक खरोखर पैसे फेडतो. ख्यालाच्या एखाद्या जुन्या ध्वनिमुद्रणात तंबोरा मागे सतत चालू असतो. स्वस्त बंद हेडफोनवर त्याची गुणगुण होते. बऱ्या ओपन बॅकवर जवारी ऐकू येते, चारही तारा वेगवेगळ्या कळतात आणि गाणारा षड्जावर आला की तो तंबोऱ्यात कसा मिसळतो तेही कळतं. तबल्याची चाट उजवीकडे, डग्ग्याची मींड तिच्या खाली, पेटी थोडी मागे, असं चित्र उभं राहतं. हेडफोन निवडताना इंग्रजी गाण्यांच्या याद्या घेऊन बसू नका. ज्या ध्वनिमुद्रणाचा प्रत्येक श्वास तुम्हाला पाठ आहे तेच लावा. पेटीचा वरचा सप्तक टोचतो का? ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे वाजतात का? ढोलकीचा घुमारा येतो की नुसती थाप? तीन प्रश्नांत हेडफोनची जात कळते. मोठ्या वाद्यवृंदासाठी ‘सैराट’ची गाणी घ्या. २०१६ च्या त्या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजवून घेतला होता. व्हायोलिनांचा ताफा कानांच्या बाहेर पसरतो की दोन कानांच्या मधेच गोळा होतो, ते पाहा.

गेमची गोष्ट वेगळी. इथे गोडवा नको, दिशा हवी. मागच्या डाव्या कोपऱ्यातून येणारं पाऊल मागच्या डाव्या कोपऱ्यातच ऐकू यायला हवं. बाजारात ‘गेमिंग’ म्हणून जे दिव्यांचे हेडसेट विकतात, त्यांतल्या पुष्कळांत बेस इतका भरलेला असतो की स्फोट जोरदार वाटतात आणि पावलं त्याखाली गडप होतात. खोक्यावर ७.१ लिहिलेलं असतं, पण आत प्रत्येक कानाला बहुतेक वेळा एकच ड्रायव्हर असतो. सात बाजूंचा आभास संगणकातलं सॉफ्टवेअर तयार करतं, आणि ते काम तुमच्या साध्या दोन कानांच्या हेडफोनवरही होतं. व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफ नावाचा पर्याय आहे, तो चालू करा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये हे काम गेम स्वतःच करतो. विंडोजमध्ये विंडोज सॉनिक फुकट आहे, डॉल्बी अॅटमॉस फॉर हेडफोन्सला पैसे पडतात. प्लेस्टेशन ५ चा त्रिमितीय आवाज कंट्रोलरच्या भोकात खुपसलेल्या कोणत्याही तारेच्या हेडफोनवर चालतो. यात लोक एक गोष्ट हमखास करतात: गेमचा पर्याय चालू, वर विंडोजचाही चालू. दोन आभास एकमेकांवर चढले की दिशा ओळखणं आंधळी कोशिंबीर होऊन बसतं. एकच ठेवा. ज्या गेममध्ये स्वतःची सोय आहे तिथे गेमची, बाकी ठिकाणी विंडोजची.

ब्लूटूथ गेमसाठी विसरा. साध्या ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाने मागे पडतो, आणि नेमबाजीच्या खेळात तेवढ्यात निकाल लागलेला असतो. सुदैवाने स्वस्त ओपन बॅक जवळजवळ सगळे तारेचेच असतात.

चित्रपटाचं म्हणाल तर मिश्र निकाल. संवाद, पाऊस, गर्दी, दूरची रेल्वे हे सगळं ओपन बॅकवर फार नैसर्गिक येतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला. त्यात नायक रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवरून संथ गतीने दुचाकीवर जातो, कानात तंबोरा आणि माई नावाच्या गायिकेचं बोलणं. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. असे प्रसंग या हेडफोनवर पाहिले की दिग्दर्शकाने आवाजात किती काम केलंय ते कळतं. पण ज्यांना दक्षिणेतल्या मारधाडीच्या चित्रपटात खुर्ची हलल्यासारखा बेस हवा, त्यांची निराशा होईल. संवाद बारीक आणि पार्श्वसंगीत मोठं अशी तक्रार असेल तर आधी ऑडिओच्या यादीत जाऊन ५.१ ऐवजी स्टीरिओ निवडून पाहा. विंडोजमध्ये लाउडनेस इक्वलायझेशन नावाचा खटकाही असतो. तो रात्री चित्रपटासाठी चांगला आहे, पण गेम खेळताना बंद करा, कारण जवळचा आणि दूरचा आवाज तो एकाच उंचीला आणून ठेवतो.

जोर आणि ओहम

दुकानदार आणि इंटरनेट दोघेही इथे माणसाला घाबरवतात. ओहमचा आकडा मोठा असेल तर हेडफोन हलवायला जास्त व्होल्टेज लागतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. ३२ किंवा ५० ओहमचा हेडफोन लॅपटॉपवर, कंट्रोलरवर, डॉंगल लावलेल्या फोनवर मजेत चालतो. १२० ओहमचा बहुतेक ठिकाणी चालतो. २५० किंवा ३०० ओहमचा लॅपटॉपवर वाजेल, पण आवाजाची पट्टी शेवटपर्यंत न्यावी लागेल आणि तरी मन भरणार नाही. ओहम कमी म्हणजे सगळं सोपं असंही नाही. हायफायमॅनचा एचई ४००एसई फक्त २५ ओहमचा आहे, पण त्याची संवेदनशीलता कमी, म्हणून तोही जोर मागतो. जोर मागणाऱ्या हेडफोनसाठी वेगळा अॅम्प्लिफायर घ्यायचा म्हणजे बजेटला तीन-चार हजारांचं भगदाड. माझं मत स्पष्ट आहे: पहिला ओपन बॅक असा घ्या ज्याला अॅम्प्लिफायर लागतच नाही.

एक खर्च मात्र करायला हरकत नाही. पुष्कळ डेस्कटॉपच्या पुढच्या भोकातून सूं असा आवाज किंवा माउस हलवला की चर्र असा आवाज येतो. लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर गुणगुण सुरू होते, कारण घराचं अर्थिंग नीट नसतं किंवा प्लग दोन पिनांचा असतो. बंद हेडफोनवर दुर्लक्ष करता येणारी ही गुणगुण शांत रात्री ओपन बॅकवर डोकं उठवते. आधी भोक बदलून पाहा, डेस्कटॉपच्या मागचं भोक बहुधा स्वच्छ असतं. नाही जमलं तर यूएसबी-सीचं छोटं डॉंगल घ्या. त्यात स्वतंत्र डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचं विजेच्या लहरींत रूपांतर करणारी चिप, असतो आणि फोनलाही ते कामी येतं. अॅपलचं डॉंगल संगणकावर उत्तम, पण अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बारीक निघतो, हे घेण्याआधी ठाऊक असावं.

कुठला घ्यावा

किमती रोज हलतात, म्हणून अंदाजानेच बोलतो. पाच हजारांच्या आत-बाहेर कॉसचे पोर्टा प्रो आणि केएससी ७५ हे दोघे आहेत. पोर्टा प्रो १९८४ पासून जवळपास त्याच रूपात विकला जातो. दिसायला खेळण्यासारखा, स्पंजाचे पॅड, कानावर नुसता टेकतो, पण आवाज त्याच्या रूपावरून ओळखू नका. भावगीत आणि चित्रपट यांवर तो लोभस आहे. केएससी ७५ कानाला क्लिपने अडकतो, डोक्यावर पट्टीच नाही. याच पट्ट्यात सुपरलक्स एचडी ६६८बी आणि सॅमसन एसआर ८५० येतात. हे सेमी-ओपन म्हणजे अर्धवट मोकळे. पसारा मोठा देतात, गेममध्ये दिशा छान कळते, पण वरचे सूर तापट आहेत. पेटी आणि टाळ टोचतात. भजनाचे टाळ ऐकणाऱ्याने आधी ऐकूनच घ्यावेत. नुसता गेम असेल तर पैशाच्या मानाने यांना तोड नाही.

दहा हजारांच्या आसपास निवड खरी सुरू होते. फिलिप्सचा एसएचपी ९५०० मिळाला तर डोळे झाकून घ्यावा असा आहे: ३२ ओहम, हलका, फोनवरही चालणारा, आणि तार दोन्ही टोकांना साधी ३.५ मिलिमीटरची. तार तुटली तर इथल्या सुपेल्याच्या बाजारात दुसरी सापडेल. आपल्याकडे तो कधी मिळतो, कधी गायब असतो, हीच त्याची खोट. सेनहायजरचा एचडी ५९९ माझ्या मते मराठी घरासाठी सगळ्यात मध्यममार्गी आहे. ५० ओहम, मखमली पॅड, वजन अडीचशे ग्रॅम, स्वभाव उबदार. गळा आणि पेटी गोड वाजतात, चित्रपटात संवाद पुढे येतात, गेममध्ये तो अव्वल नसला तरी कामापुरता आहे. बरोबर दोन तारा येतात, एक लांब आणि एक सव्वा मीटरची. वर ज्याचं नाव घेतलं तो हायफायमॅन एचई ४००एसई आवाजाच्या तपशिलात एचडी ५९९ ला मागे टाकतो, पण वजन चारशे ग्रॅमच्या घरात. चार तासांच्या गेमनंतर मान आठवण करून देते.

आणखी पैसे असतील तर सेनहायजर एचडी ५६०एस. १२० ओहम, २४० ग्रॅम, २०२० साली आला. गेम, गाणं, चित्रपट तिन्ही एका हेडफोनवर हवे असतील आणि सेलमध्ये तो आवाक्यात आला, तर मी हाच सुचवेन. बेस खोलवर जातो, दिशा नेमकी, आवाज सरळ. उबदार म्हणता येणार नाही. खराब ध्वनिमुद्रण तो खराबच ऐकवतो. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो गेमर मंडळींत लाडका आहे, पण त्याची तार कायमची जोडलेली, गुंडाळीची. ओहम २५०, आणि झांजा-टाळ सुरीसारखे. एचडी ६XX, म्हणजे प्रसिद्ध एचडी ६५० चा स्वस्त भाऊ, ३०० ओहमचा. मानवी गळा ऐकावा तर त्यावर. पण त्याला अॅम्प्लिफायर लागतोच, शिवाय पसारा आखूड, म्हणून गेमसाठी पैसे टाकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

बेस कमी वाटला तर विंडोजवर इक्वलायझर एपीओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. खालचे सूर तीन ते पाच डेसिबल वर घ्या आणि त्याच प्रमाणात प्रीअॅम्पचा आकडा खाली आणा, नाही तर आवाज फाटतो. फार वर चढवू नका. मोकळ्या हेडफोनचा पडदा खालच्या सुरांवर आधीच खूप लांब हलत असतो.

माइक वेगळा घ्यावा लागेल, कारण यांतल्या बहुतेकांना माइक नाही. लोक इथे हेडफोनला चुंबकाने चिकटणारे परदेशी माइक शोधत बसतात आणि हेडफोनच्या निम्मे पैसे त्यावर घालवतात. गल्लीतले यूट्यूबवाले वापरतात तो शर्टाला लावायचा बोया बीवाय-एम १ पुरतो. त्याची तार सहा मीटर आहे, तिची गुंडाळी करून ठेवा. लॅपटॉपला एकच भोक असेल तर हेडफोन आणि माइक वेगळे करणारं वाय आकाराचं स्प्लिटर लागतं, ते शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. माइक हनुवटीच्या खाली लावा. जाळीच्या अगदी जवळ ठेवला तर सोबत्यांना त्यांचाच आवाज परत ऐकू येतो, आणि शिव्या तुम्हाला पडतात.

कानांचं काय

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तेव्हापासून विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या इथे निवृत्त झाल्या. भट्टी, ब्लोअर, रोलिंग मिल यांच्या गोंगाटात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसाचं ऐकणं आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास बसतं. बोलणं ऐकू येतं, पण ‘त’ आणि ‘थ’, ‘स’ आणि ‘श’ यांची सरमिसळ होते. हेडफोन निवडायला बाबांना सोबत घेतलंत तर हे ध्यानात ठेवा. त्यांना डीटी ९९० प्रो सगळ्यांत ‘साफ’ वाटेल आणि तुम्हाला तोच टोचेल, आणि दोघंही खरं बोलत असाल. हेडफोन बाबांसाठीच असेल तर त्यांना आवडतो तोच घ्या. फक्त आवाज किती ठेवतात त्याकडे लक्ष असू द्या.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबल आवाज प्रौढाला आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबल झाला की हीच मुदत ४ तासांवर येते. मुलांसाठी मर्यादा आणखी खाली, ७५ डेसिबल. कूलरशी झुंजत ओपन बॅकचा आवाज चढवणारा मुलगा रोज रात्री तीन तास खेळत असेल, तर आठवड्याचा कोटा सोमवार-मंगळवारीच संपू शकतो. म्हणूनच सुरुवातीला सांगितलेली कूलरची चाचणी मी एवढी ताणून धरली.

जाळीचा हेडफोन धुळीच्या गावात जपावा लागतो. खिडकीच्या पट्टीवर रोज बसणारी बारीक धूळ जाळीतून आत जाते. त्यात लोहकण असतील तर ते ड्रायव्हरच्या चुंबकाला चिकटतात. वापर झाला की कापडी पिशवीत किंवा निदान रुमालाखाली ठेवा. डोक्याचा एखादा केस पडद्यावर पडला तर खालच्या सुरांवर खरखर येते आणि माणूस हेडफोन बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतो. पॅड काढून मऊ ब्रशने केस उचलला की काम होतं. व्हॅक्यूम क्लीनर किंवा हवेचा फवारा लावू नका, पडदा फाटतो. कूलरच्या दमट हवेत रेक्झिनचे पॅड लवकर सोलतात, म्हणून पर्याय असेल तिथे मखमलीच घ्या आणि वर्षा-दोन वर्षांनी पॅड बदलायचे पैसे मनात धरून ठेवा.

घेण्याबद्दल शेवटचं. भिलाई-रायपूरच्या दुकानांत हे हेडफोन कानाला लावून पाहायला मिळतील अशी फार आशा ठेवू नका, बहुतेकांना ऑनलाइनच मागवावे लागतील. नावाजलेल्या कंपन्यांची नक्कल बाजारात आहे, तेव्हा निम्म्या किमतीची ऑफर दिसली तर विक्रेत्याचं नाव आणि कंपनीची भारतातली वॉरंटी दोन्ही तपासा. ‘परतावा’ आणि ‘फक्त बदली’ यात फरक असतो, तोही मागवण्याआधी वाचा. दसरा-दिवाळीच्या आधीच्या सेलमध्ये किमती चांगल्याच उतरतात, घाई नसेल तर तोवर थांबा. आला की त्याच दिवशी डावं-उजवं बरोबर आहे ना, दोन्ही कान सारखे वाजतात ना, खालच्या सुरांवर कुठे खरखर नाही ना, एवढं पाहून घ्या. आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं माळ्यावर टाकू नका, रद्दीवाल्याला तर मुळीच देऊ नका.